प्रसाद उरवायचा नसतो

घाटनांदूर
९ जानेवारी २०२५

रुद्राणी,

तुझे वडील सोमवारी दुकानाच्या पायरीवरून पडले. कपाळाला टाके पडले आहेत, उजवं मनगट मुरगळलं आहे आणि त्यांच्या पोटात भांग गेली होती असं अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी सांगितलं आहे. ती तुझ्याकडून आली असं मी धरून चालले आहे. म्हणून हे पत्र. तुझ्या लग्नानंतर सात वर्षांनी पहिल्यांदा लिहिते आहे, पण त्यात दुसरं काही शोधू नकोस.

फोन केला नाही, कारण फोनवर मी ओरडले असते आणि तू ठेवून दिला असतास. कागद ठेवून देता येत नाही.

तुला किती ठाऊक आहे हे मला ठाऊक नाही, तेव्हा पहिल्यापासून सांगते. गणपतीच्या दिवसांत त्यांना नागीण झाली. डाव्या पाठीपासून काखेखालून थेट छातीच्या मध्यापर्यंत. गावानं गेरूचा लेप सुचवला, मी लावू दिला नाही. दवाखान्यात नेलं, दसऱ्यापर्यंत फोड वाळले, खपल्या गेल्या. आग मात्र गेली नाही. कातडी बघावी तर धड, आणि सदऱ्याचं कापड टेकलं तरी माणूस कळवळतो. डॉक्टर म्हणाले, नस दुखावली आहे, या वयात ती महिनोन्महिने जळत राहते.

आणि जिथं जळतं, नेमकी तिथंच इष्टलिंगाची चांदीची डबी टेकते. बारशाला गळ्यात आली तेव्हापासून ती त्यांच्या अंगावेगळी झालेली नाही. आता या वयात ते काढून ठेवतील असं तुला वाटतं का? त्यांनी दोरा मनगटाला गुंडाळून डबी डाव्या मुठीत धरली. पूजेची वेळ सोडली तर दसऱ्यापासून ती मूठ उघडलेली नाही. जेवताना, निजताना, गिऱ्हाईक आलं तरी. एका हाताचा माणूस झाला आहे. भांड्यांवर नावं घालायचं काम बंद पडलं, कारण छिन्नी एका हातात लागते आणि हातोडी दुसऱ्या. बायनाबाईची तांब्याची घागर दिवाळीपासून तशीच आहे. ती येता-जाता विचारते, "अप्पा, माझ्या घागरीचं बारसं कवा?"

पडतानाही त्यांनी मूठ उघडली नाही. डावा हातही टेकला असता तर वाचले असते. तोंडावर पडले.

दवाखान्यात तरुण डॉक्टर होता. त्यानं विचारलं, "बाबा, सकाळी काय खाल्लं?"

"प्रसाद."

"कसला प्रसाद?"

"देवाला दाखवलेला."

"देवाला काय दाखवलं?"

"होतं ते."

आणि हसायला लागले. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात मी त्यांना असं हसताना पाहिलेलं नाही. हसता हसता घाबरले. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं, आता मी वाचत नाही, असं म्हणून माझा पदर धरला. छाती अशी धडधडत होती की नर्सबाईंनी यंत्र बदलून पुन्हा तपासलं. संध्याकाळी उतरलं. दुसऱ्या दिवशी त्यांना निम्मं आठवत नव्हतं. मला सगळं आठवतं.

पहिली बाटली मी डिसेंबरातच पकडली होती. फडताळात, विभूतीच्या डब्यामागे. वर 'विजया' लिहिलेलं, सोबत तुझ्या दवाखान्याची चिठ्ठी, खाली तुझी सही. बी.एस्सी.ला माझा वनस्पतिशास्त्र विषय होता आणि पुढं तीस वर्षं मी मुलींना तेच शिकवलं. विजया म्हणजे भांगेचंच झाड, हे मला कोणी सांगायला नको. "हे कोणी आणलं?" म्हणून विचारलं, तर म्हणाले, "सटवानं." भांडलेसुद्धा नाहीत. मी बाटली कपाटात घालून कुलूप लावलं आणि प्रश्न मिटला असं समजले. तर तू दुसरी पाठवलीस.

मेंढरं चारायला इकडं येतो म्हणून तुझ्या सासऱ्यानं माझ्या घरात पोस्टमन व्हायचं कारण नाही. त्यांना सांग, आमची पायरी चढू नये.

आणि डॉक्टरीण झालीस तरी त्रिंबकमामाला विसरू नकोस.

उमाबाई


घाटनांदूर
२४ जानेवारी २०२५

रुद्राणी,

तुझं उत्तर मिळालं. औषधाच्या चिठ्ठीवर चार ओळी लिहिल्यास. 'मी एकच बाटली पाठवली होती. तिच्यातल्या दोन थेंबांनी असं होत नाही. मामंजींना विचार.'

विचारलं. बोलावावं लागलं नाही, ते स्वतःच आले. पायरी चढू नये असा निरोप पोचला असावा, कारण खांद्यावर घोंगडी टाकून खाली रस्त्यातच उभे राहिले. उन्हात.

"बाई, मला काय बोलायचं ते बोला. पन आधी अप्पा कसे हायती ते सांगा."

"बरे आहेत. तुम्ही त्यांना काय दिलंत?"

"गोळी. हिरवी. अप्पा म्हनले औषध संपलं. बाटली केवढुशी, सरली आसंल म्हनलं. पोरीला कावून तरास द्यायचा, आष्टी काय जवळ हाय? आमच्या तळावर एक बैरागी येतो, त्याच्याकडून घेतली. त्योच पाला हाय म्हनला."

"किती द्यायची हे कुणी सांगितलं?"

"सांगायला कोन पायजे? मेंढी फुगल्यावर देतो तेवढी. अप्पा मेंढीपक्षा जड हायती, म्हून जरा थोरली वळली."

"सटवाराव, मेंढीच्या पोटाला चार कप्पे असतात. अप्पांच्या पोटाला एकच आहे."

त्यांनी जरा विचार केला. "ते बी खरंच हाय," म्हणाले. मग म्हणाले, "पन बाई, दोन दिलत्या त्या एक आज, एक उद्या म्हून. माजी मेंढी बी दोन एकदम खात न्हाई."

आतून तुझे वडील बोलले, "उमा, त्याला बोलू नको. दोन्ही मीच अर्पण केल्या."

तू याच घरात वाढलीस, तुला पुढचं सांगायला नको. सटवारावांना मात्र समजावून सांगावं लागलं, तेही रस्त्यात, येणारे-जाणारे थांबून ऐकत असताना. इष्टलिंगाला दाखवल्याशिवाय यांच्या तोंडात पाणीही जात नाही. दाखवलं की तो प्रसाद. प्रसाद ताटात टाकायचा नाही, उद्यावर ठेवायचा नाही, वाटीला लागलेलं धुऊन तेही प्यायचं. तुझ्या बाटलीतले ते दोन थेंब तळहातावर घेऊन दाखवत, बाटली मागं राही, म्हणून काही झालं नाही. गोळ्या कागदाच्या पुडीत आल्या. यांनी दुधाच्या वाटीशेजारी पुडीच ठेवली. एक गोळी दुधात खलली, आणि मग लक्षात आलं की पुडीसकट अर्पण झालं आहे. दुसरी उद्यावर कशी ठेवणार? तीही खलली. वाटी धुऊन प्याले. काही होत नाही म्हणून दुकान उघडायला गेले. पोटातून गेलेली भांग तास-दोन तासांनी चढते हे ना देणाऱ्याला ठाऊक, ना घेणाऱ्याला.

सटवाराव म्हणाले, "म्हंजे वाटी धुऊन पितेत?"

"धुऊन."

"मग आमच्या घरी अप्पांना जेवायला बोलवायचं म्हंजे मोजूनच वाढाय लागंल."

आत तुझे वडील हसले. हसलं की छातीत आग पेटते, म्हणून हसत आणि विव्हळत होते. मी सटवारावांना वर या म्हटलं नाही. पाण्याचा तांब्या खाली नेऊन दिला.

औषध संपलं असं ते सटवारावांना का म्हणाले, हे तू विचारशीलच. बायकोनं कुलपात घातलं असं व्याह्याला सांगायची त्यांना लाज वाटली. हे मी लिहिलं आहे. त्यावर तू काही लिहू नकोस.

आणखी एक कळलं. दसऱ्यापासून सटवारावांच्या फोनवर तू आणि तुझे वडील बोलता. तळावर जाऊन बसतात आणि तुला छाती दाखवतात. सात वर्षं मी लोकांना सांगत आले की अप्पा लेकीचं नाव काढू देत नाहीत.

उमाबाई


घाटनांदूर
४ फेब्रुवारी २०२५

रुद्राणी,

झोप नाही, त्यामुळं अक्षर बिघडलं आहे. समजून वाच.

दवाखान्याच्या गोळ्या चालू आहेत. डॉक्टर भले आहेत, त्यांचा दोष नाही. गोळी वाढवली की हे दिवसभर पेंगतात आणि कमी केली की आग. पेंग आली की मूठ सैल होते, डबी छातीवर घसरते आणि ओरडून उठतात. म्हणून ते निजले की मी शेजारी बसून त्यांची मूठ धरून ठेवते. दुपारी मी दुकानात बसते. तिथं माझीच मान पडते. काल एक गिऱ्हाईक परात घेऊन उभं होतं आणि मला कळलं नाही.

बाटली माझ्या कपाटात आहे. रोज कुलूप उघडते, बघते, लावते. झाकण काढून वास घेतला. तोच आहे, त्रिंबकच्या कपड्यांना यायचा तो.

तू लहान होतीस तेव्हा त्रिंबकमामा परळीच्या स्टेशनावर बसायचा. त्याला डबा द्यायला मी तुला घेऊन जायची. तू त्याला भ्यायचीस, मी चिडायची. माझा पाठचा भाऊ. अंबाजोगाईला कॉलेजात होता, माझ्यापेक्षा गणितात हुशार. संगतीनं चिलीम ओढायला लागला. आधी शिवरात्रीला, मग सोमवारी, मग कधीही. वीस वर्षांचा असताना त्याला भिंतीतून माणसं बोलायला लागली. आईनं देवऋषी केले, मी डॉक्टर केले. डॉक्टर म्हणाले, आजार आत असेल, गांजानं तो बाहेर ओढला. नसता ओढला तर कदाचित आला नसता, कदाचित उशिरा आला असता. या 'कदाचित'वर मी वीस वर्षं डबा पोचवला.

आता उत्तरं दे. मोघम नकोत. या तेलानं आग जाते की माणसाला कळेनाशी होते? याची सवय लागते का? रक्तदाबाच्या गोळीबरोबर चालतं का? बाटलीतलं आणि बैराग्याच्या गोळीतलं एकच असेल, तर तू आणि तो यांत फरक काय? आणि त्यांना भिंतीतून कोणी बोलायला लागलं, तर मी कोणाकडे जायचं?

उमाबाई


घाटनांदूर
२० फेब्रुवारी २०२५

चि. रुद्राणी,

पाच पानं लिहिलीस. कॉलेजात असताना तू मला कधी एवढं लिहिलं नव्हतंस.

मी ती दोनदा वाचली, एकदा मोठ्यानं, यांना ऐकू जाईल अशी. 'आई, आग जात नाही, लांब जाते. सगळ्यांची जातेच असंही नाही.' हे मला पटलं. जे औषध सगळं बरं करतं असं म्हणतात त्याच्यावर माझा विश्वास नाही. 'बाटलीत किती आहे ते तपासून लिहिलेलं असतं. बैराग्याच्या गोळीत किती हे बैराग्यालाही ठाऊक नसतं.' हेही पटलं. सवय लागू शकते, रोजचं झालं की विसरायला होतं, उठताना अंधारी येते, रक्तदाबाची गोळी असेल तर जास्तच, काळीज धडधडतं, माप न पाळता वाढवलं तर पुन्हा तेच होईल. हे सगळं तू लपवलं नाहीस. परीक्षेत मी तुला पूर्ण गुण दिले असते.

पण एका ओळीपाशी मी थांबले. 'अप्पांच्या घराण्यात तसा आजार नाही, वयही उलटलेलं आहे, म्हणून त्यांना देण्याचं धाडस केलं. तुला आणि मला हे औषध नको. त्रिंबकमामाचं रक्त आपल्या दोघींत आहे.'

तू त्याला विसरली असशील असं मी धरून चालले होते.

'मी फोनवर बघून औषध दिलं ही माझी चूक. आता रुग्ण समोर आल्याशिवाय देणार नाही. त्यांना आष्टीला आण.' ही तुझी शेवटची ओळ. हे होणार नाही. तुझ्या घरात मटण शिजतं, तिथं ते पाणीही घेणार नाहीत.

मी काय केलं ते सांगते. अंबाजोगाईच्या डॉक्टरांना बाटली आणि तुझी चिठ्ठी दाखवली. त्यांनी पूर्ण वाचली, म्हणाले, हे आयुर्वेदाचं, माझ्या शास्त्रातलं नाही, पण कायद्यात बसतं. द्यायचं तर चिठ्ठीत आहे तेवढंच, आणि रक्तदाब मोजत. मग सोमवारी कुलूप काढलं. पूजा झाल्यावर दोन थेंब त्यांच्या तळहातावर मी टाकले. बाटली माझ्या हातात, देवापासून चांगली लांब. ते बघून हसले. "उमा, बाटली अर्पण होईल म्हणून भितेस का?"

"हो," म्हटलं. "तुमचा काय भरवसा!"

पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी तोंड कोरडं पडलं, पाणी पाणी केलं. तिसऱ्या दिवशी दुपारी निजले होते आणि मूठ सुटली. मी धावले. डबी छातीवर आली होती, मलमलीच्या जुन्या धोतराच्या तुकड्यावर. ते जागे होते. डोळे उघडे. मला म्हणाले, "थांब. आहे आग. पण शेजारच्या घरात आहे."

भाकरी होईपर्यंत डबी तिथंच राहिली. मग मुठीत घेतली. दुसऱ्या दिवशी जास्त वेळ.

मी चूल बंद करून मागच्या दारी जाऊन बसले. सटवाराव आले होते, त्यांनी विचारलं, "बाई, काय झालं? रडताव कावून?" मी म्हटलं, धूर.

"ग्यासला धूर आसतो व्हय?" म्हणाले. हा माणूस गप्प बसायला शिकलेला नाही.

आई


घाटनांदूर
८ मार्च २०२५

चि. रुद्राणी,

बायनाबाईच्या घागरीवर नाव घातलं. गुरुवारी. डबी गळ्यात, मलमलीवर, छिन्नी डाव्या हातात, हातोडी उजव्या. मनगट अजून दुखतं, म्हणून 'बायनाबाई'तला शेवटचा काना खाली उतरला आहे. ती म्हणाली, "उतरू द्या अप्पा, मी बी उतरलेच की." मग दुकानासमोर उभी राहून रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला घागर दाखवत होती.

हे चांगलं झालं. आता दुसरं ऐक.

काल सकाळी पाटावरून झटकन उठले आणि भिंतीला धडकले. डोळ्यांपुढं अंधारी. रक्तदाब मोजला तर खाली गेलेला. तू लिहिलं होतंस, हळू उठवा, आधी बसवा. मी पाणी तापवायला गेले होते. परवा त्यांनी सकाळी थेंब घेतले आणि तासाभरानं पुन्हा तळहात पुढं केला. घेतले हे आठवत नव्हतं. मी नसते तर घेतले असते. आणि मी किती दिवस असेन, रुद्राणी? सोमवारी बँकेच्या पायऱ्या चढताना माझी कंबर अशी धरली की शिपायानं खुर्ची आणून दिली. माझं वयही लपलेलं नाही.

बाटली तळाला आली आहे. अंबाजोगाईचे डॉक्टर म्हणतात, बघायचं तर औषध देणाऱ्यानंच बघावं, दोघांनी दोन बाजूंनी ओढू नये. तूही तेच म्हणतेस. सटवारावांनी कुठून काही आणू नये असं मी त्यांना बजावलं, तर कानाला हात लावून म्हणाले, "आता मेंढीला बी डाक्टरला इचारूनच देतो."

म्हणून मी यांच्याजवळ बसले आणि म्हटलं, "रुद्राणी आष्टीला या म्हणते. मी नाही म्हणून कळवलं आहे."

"कुणाला विचारून?"

"तुम्ही तिथं जेवणार कसे? त्या घरात काय शिजतं हे तुम्हाला ठाऊक आहे."

त्यांनी डबी उघडली, इष्टलिंग तळहातावर घेतलं. म्हणाले, "लेक भाकरी करील. भाजी करील. मी याला दाखवीन. दाखवल्यावर तो प्रसाद. मग त्यात चूल कुणाची आणि जात कुणाची, हे कुठं उरलं? दोन गोळ्या खाताना हा नियम मोडला नाही, तर लेकीची भाकरी खाताना मोडू का?"

मी म्हटलं, "मटण?"

"ते ती मला वाढणार आहे का? तू तिला वाढवलंस की नाही?"

मग जरा वेळानं म्हणाले, "सात वर्षांत तू मला एकदाही विचारलं नाहीस, जायचं का म्हणून."

मी उठून गाड्यांचं वेळापत्रक काढलं.

सोमवारी, सतराला निघतो. सकाळची गाडी, बीडला बदलून. तुझ्या नवऱ्यानं, सोमनाथरावांनी, स्टँडवर यावं. यांना एकट्यानं पायरी उतरू देऊ नये.

आई


आष्टी
१७ मार्च २०२५

चि. सौ. रुद्राणीस,

हा कागद बसमध्ये मांडीवर ठेवून लिहिला आहे. मी समोर असेन, तरी तोंडी सांगताना माझं काहीतरी राहील किंवा नको ते निघेल. शाळेत पदभार देताना कागद करायची पद्धत होती, तसा हा केला आहे. वाचून, तपासून घे.

आधी सूचना. थेंब तू मोजायचेस, त्यांनी नाही. ते देताना बाटली इष्टलिंगापासून लांब धरायची. उठवताना आधी बसवायचं, मग पाय खाली, मग उभं. पेंग जास्त दिसली, धडधड वाटली, भिंतीकडे बघून बोलायला लागले, तर थेंब थांबवायचे आणि मला कळवायचं. मी कोणाला दोष देणार नाही. ताटात थोडं थोडं वाढायचं. जास्त वाढलं तर ते खातील, पोटात जागा नसली तरी, हे तुला ठाऊक आहेच. सोमनाथरावांना सांगून ठेव.

मी परत जाते. दुकान बंद ठेवता येत नाही. परतीची गाडी चारला आहे, तोवर बसेन. आत बसेन. चहा केलास तर घेईन, साखर कमी.

आज रोजी आष्टी येथे तुझ्या दारात माझ्याकडून तुला दिलं ते असं :

विजया तेलाची बाटली, तळाशी थोडं उरलेलं, झाकण घट्ट. तुझी जुनी चिठ्ठी. कपाटाची किल्ली यात नाही, तिची आता गरज नाही.

अंबाजोगाईचे दवाखान्याचे कागद, रक्तदाबाच्या गोळ्या, आणि रक्तदाबाचं यंत्र. त्याचा पट्टा सैल आहे, दोनदा मोजावं लागतं.

मलमलीचे तुकडे, धुतलेले. विभूतीचा डबा. त्यांची वाटी.

पितळेचा डबा एक, झाकणासह. झाकणावर नाव घातलेलं आहे. गेल्या आठवड्यात मागच्या खोलीत दार लावून घातलं, मला दाखवलं नाही. मी पाहिलं. 'सौ. रुद्राणी सोमनाथ' असं आहे. तारीख तुझ्या लग्नाची घातली आहे.

आणि तुझे वडील. कपाळावरची खूण भरलेली. रक्तदाब सकाळी ठीक. बीडच्या स्टँडवर अर्धी भाकरी खाल्ली, लिंगाला दाखवून. डबी गळ्यात, छातीवर. दोन्ही हात मोकळे.